ऑनलाइन खेळांतील नाणी कुठून येतात, आणि त्यांची किंमत का घसरते?

प्रश्न : अर्थशिक्षिका, सातारा

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात निर्देशांकांचे प्रकरण चालू असताना किमतींची सर्वसाधारण पातळी का वाढते यावर चर्चा झाली, आणि त्या चर्चेत काही विद्यार्थ्यांनी ऑनलाइन खेळांतील बाजारपेठांची उदाहरणे दिली. त्यांच्या सांगण्यानुसार या खेळांत खेळाडू एकमेकांना शस्त्रे, जहाजे, धातू, औषधे असे सर्व काही विकतात, प्रत्येक वस्तूचा भाव रोज बदलतो, आणि खेळ जितका जुना होतो तितक्या त्यातील दुर्मीळ वस्तू महाग होत जातात. मुलांची निरीक्षणे बारीक होती, परंतु कारणमीमांसा करताना त्यांच्यात एकवाक्यता होईना. मी स्वतः असे खेळ खेळत नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. खेळात रिझर्व्ह बँक नसते, तर मग नाणी नेमकी कोण आणि कशाच्या आधारावर निर्माण करतो? दुसरे असे की, एका विद्यार्थ्याच्या म्हणण्याप्रमाणे काही खेळांतील युद्धांत लाखो रुपये किमतीची जहाजे एका दिवसात नष्ट होतात; इतकी संपत्ती नाहीशी होत असेल तर महागाई कमी व्हायला हवी, ती का होत नाही? आणि तिसरे म्हणजे, कंपनी खऱ्या पैशांच्या बदल्यात खेळातील चलन मिळवण्याची सोय देते असे ऐकले. हा सरकारने नोटा छापून खर्च भागवण्यासारखाच प्रकार नव्हे काय?

शक्य असल्यास एखाद्या प्रत्यक्ष खेळाचा इतिहास सनावळीसह सांगावा. वर्गात तो अधिक उपयोगी पडेल.

उत्तर : जिताचा व्यापारी, पुणे

मॅडम, तुमच्या तिन्ही प्रश्नांना पुरून उरेल असा एक खेळ आहे, तो म्हणजे ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलँडमधील रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने तो मे २००३ मध्ये सुरू केला. चीनसाठीचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरातील सर्व खेळाडू एकाच सर्व्हरवर, म्हणजे एकाच विश्वात आणि एकाच बाजारव्यवस्थेत वावरतात. या विश्वातील जवळजवळ प्रत्येक जहाज खेळाडूंनी खणलेल्या खनिजांपासून खेळाडूंनीच बांधलेले असते, आणि त्यांतील बहुसंख्य व्यवहार ‘जिता’ नावाच्या सूर्यमालेतील एका स्थानकावर होतात. त्या स्थानकाला बाजारपेठेचा दर्जा कंपनीने दिलेला नाही. व्यापाऱ्यांच्या सोयीतून ती पेठ आपोआप वसली. अर्थव्यवस्थेचा अभ्यास करण्यासाठी कंपनीने २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली होती. ते पुढे आकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आता तुमचा पहिला प्रश्न. खेळाच्या चलनाला ‘इस्क’ म्हणतात. संगणकाने चालवलेले चाच्यांचे एखादे जहाज खेळाडूने पाडले की बक्षिसाची रक्कम त्याच्या खात्यात जमा होते, आणि ती रक्कम दुसऱ्या कोणाच्याही खात्यातून वजा झालेली नसते. त्या क्षणी नवे चलन जन्माला येते. म्हणजे टांकसाळ मध्यवर्ती नसून ती प्रत्येक शिकाऱ्याच्या हातात आहे, आणि किती नाणी पाडली जाणार हे कोणत्याही पतधोरणावर अवलंबून नसून त्या महिन्यात किती लोक किती तास शिकार करतात यावर अवलंबून आहे. खेळ रचणारे अशा मार्गांना नळ म्हणतात, आणि ज्या मार्गांनी चलन कायमचे नाहीसे होते त्यांना मोरी म्हणतात. ईव्हमध्ये विक्रीवरील कर, दलालीचे शुल्क, संगणकाकडूनच विकत घ्याव्या लागणाऱ्या कौशल्यांच्या पुस्तकांची आणि आराखड्यांची किंमत, कारखान्यातील कामाचे शुल्क या सर्व मोऱ्या होत. तिथे भरलेला पैसा कोणत्याही तिजोरीत जात नाही, तो खातेवहीतूनच पुसला जातो. नळातून येणारे चलन मोरीतून जाणाऱ्या चलनापेक्षा सातत्याने अधिक राहिले, आणि त्या प्रमाणात उत्पादन वाढले नाही, तर भाव चढतात. एवढे सूत्र मुलांच्या लक्षात आले, तर पुढचे सर्व सोपे जाते.

दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वर्षानुवर्षे खेळणारे लोकसुद्धा तिथे घोटाळा करतात. जहाज नष्ट होते तेव्हा वस्तू नाहीशी होते, चलन नाहीसे होत नाही. ते जहाज विकत घेताना दिलेले इस्क बांधणाऱ्याच्या खात्यात आधीच गेलेले असतात, आणि त्याच्याकडून ते खाणकामगारांकडे पोहोचलेले असतात. फिशर यांच्या समीकरणाच्या (चलन गुणिले त्याचा वेग बरोबर भाव गुणिले वस्तू) भाषेत सांगायचे तर चलनाचे परिमाण तेवढेच राहते आणि वस्तूंचे परिमाण घटते, म्हणून लढाईचा थेट परिणाम भाव वाढवण्याच्या दिशेने होतो. शिवाय जहाजाचा विमा उतरवलेला असेल तर नुकसानभरपाई संगणक देतो, म्हणजे जहाज फुटल्यावर वरून नवे चलनही बाजारात येते. युद्ध ही वस्तूंची मोरी आहे आणि विम्यामुळे ते चलनाचा नळही ठरते, ही गोष्ट विद्यार्थ्यांकडून फळ्यावर मांडून घ्यावी.

विम्याची हकिगत इथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण हमीभाव म्हणजे काय हे तिच्याइतके स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. सुरुवातीच्या काळात प्रत्येक जहाजाच्या विम्याची भरपाई ठरावीक होती आणि बाजारभावाशी तिचा संबंध नव्हता. त्यामुळे खनिजे स्वस्त झाली, की जहाज बांधण्याचा खर्च आणि विम्याचा हप्ता मिळून होणारी रक्कम भरपाईपेक्षा कमी भरे, आणि खेळाडू जहाजे बांधून, त्यांचा विमा उतरवून, ती स्वतःच उडवून देत. याचा परिणाम असा झाला, की खनिजांचा भाव एका मर्यादेखाली जाणेच अशक्य झाले, कारण त्या मर्यादेला विमा हा अमर्याद मागणी असलेला ग्राहक उभा होता. २०१० मध्ये कंपनीने विम्याची भरपाई खनिजांच्या प्रत्यक्ष बाजारभावाशी जोडली आणि हा आधार काढून घेतला. त्यानंतर खनिजांचे भाव खऱ्या अर्थाने मागणी-पुरवठ्यावर ठरू लागले.

ज्या मोठ्या लढाईबद्दल तुमचा विद्यार्थी बोलत होता ती बहुधा जानेवारी २०१४ मधील ‘बी-आर५आरबी’ येथील असावी. एका सूर्यमालेच्या ताब्याचे शुल्क वेळेवर भरले गेले नाही आणि त्यातून सुरू झालेल्या चकमकीत सुमारे एकवीस तासांत ‘टायटन’ या सर्वांत मोठ्या वर्गातील ७५ जहाजे फुटली. नुकसानीचा अंदाज तीन लाख अमेरिकी डॉलरच्या आसपास सांगितला गेला. मात्र हा आकडा वर्गात सांगताना एक खुलासा अवश्य करावा. एवढे डॉलर कोणी खिशातून दिले नव्हते. ती जहाजे खेळाडूंच्या अनेक महिन्यांच्या श्रमातून उभी राहिली होती, आणि त्यांच्या इस्कमधील किमतीला त्या वेळच्या विनिमयदराने डॉलरमध्ये बदलून तो आकडा काढला होता.

तो विनिमयदर कुठून आला, हाच तुमचा तिसरा प्रश्न. २००८ च्या अखेरीपासून ईव्हमध्ये ‘प्लेक्स’ नावाची वस्तू आहे. एक खेळाडू ती कंपनीकडून खऱ्या पैशांनी विकत घेतो आणि खेळातील बाजारात इस्क घेऊन विकतो. दुसरा खेळाडू ती इस्क देऊन घेतो आणि आपली वर्गणी भागवतो. इथे इस्क केवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात आणि व्यवहारावरील करामुळे किंचित घटतातच, म्हणून याला नोटा छापणे म्हणता येणार नाही. कंपनीने डॉलर घेऊन थेट इस्क दिले असते, तर तुमची शंका पूर्णपणे रास्त ठरली असती. प्लेक्सचा भाव हा मात्र चलनवाढीचा उत्तम आरसा आहे. २००९ च्या सुमारास महिन्याभराच्या वर्गणीएवढे प्लेक्स साधारण तीस कोटी इस्कना मिळत, आणि २०१६ पर्यंत त्याचा भाव शंभर कोटींच्या पुढे गेला होता.

उत्तर : गिलिनॉरकर, नाशिक

वरील उत्तर उत्तम आहे. त्याला ‘रूनस्केप’ या खेळाची जोड द्यावीशी वाटते, कारण ईव्हमध्ये जे प्रश्न सौम्य रूपात दिसतात ते इथे फार तीव्रतेने दिसले, आणि त्यांची झळ सामान्य खेळाडूंना बसली. इंग्लंडमधील केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीने हा खेळ जानेवारी २००१ मध्ये आणला.

या खेळातील मोठा नळ म्हणजे एक मंत्र आहे. तो ‘हाय अल्केमी’ या नावाने ओळखला जातो. कोणत्याही वस्तूवर तो टाकला की वस्तू नाहीशी होते आणि तिच्या ठरवून दिलेल्या मूल्याच्या ६० टक्के नाणी खेळाडूच्या हाती पडतात. जिताच्या व्यापाऱ्यांनी विम्याबद्दल जे सांगितले तेच इथेही लागू पडते: ज्या वस्तूंवर हा मंत्र फायद्याचा ठरतो, त्यांचा भाव मंत्रातून मिळणाऱ्या रकमेच्या फार खाली जाऊ शकत नाही. पण बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळणारी खाती, दिवसरात्र राक्षस मारू लागली की त्यांनी मिळवलेल्या चिलखतांचे आणि तलवारींचे रूपांतर अखेरीस नाण्यांतच होते, आणि नळ कोणाच्याही नियंत्रणाबाहेर वाहू लागतो.

मॅडम, वर्गात सांगण्यासारखा खरा प्रसंग इथून पुढचा आहे. खेळातील नाणी खऱ्या पैशांना विकण्याचा अवैध धंदा इतका फोफावला, की त्या धंद्यातील लोक चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर वर्गण्या घेऊ लागले. ती रक्कम बँका कंपनीकडून परत वसूल करीत, आणि कंपनीचे कार्डांचे व्यवहारच धोक्यात येऊ लागले. तेव्हा डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये जॅजेक्सने खेळाडूंमधील मुक्त देवघेव जवळजवळ बंद केली. दोन खेळाडूंच्या व्यवहारात दोन्ही बाजूंचे मूल्य ठरावीक फरकाच्या आत असलेच पाहिजे, असा नियम आला. मोकळ्या लढाईच्या प्रदेशात हरलेल्याचा माल जिंकणाऱ्याला मिळण्याची सोयही गेली. त्याआधी नोव्हेंबर २००७ मध्ये ‘ग्रँड एक्सचेंज’ ही मध्यवर्ती पेठ सुरू झाली होती, आणि तिथेही भाव एका पट्ट्यात बांधलेले होते. चोरांना रोखण्यासाठी केलेल्या या उपायांनी धाकट्या भावाला तलवार देणे, नव्या मित्राला पहिली शंभर नाणी देणे, सट्टा न करता केवळ घासाघीस करण्यातला आनंद घेणे हे सर्व एका फटक्यात संपले. मला आजही असे वाटते, की त्या तीन वर्षांत खेळातील माणसांमधले नाते विरले. फेब्रुवारी २०११ मध्ये, खेळाडूंचे मत घेऊन, मुक्त व्यवहार परत सुरू झाला. २०१३ मध्ये ऑगस्ट २००७ च्या जतन केलेल्या प्रतीवरून ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ ही वेगळी आवृत्ती सुरू करण्यात आली. लोकांना कोणता काळ परत हवा होता हे त्या तारखेवरून समजते.

नंतरचे उपाय अधिक शहाणपणाचे आहेत. प्लेक्ससारखाच ‘बाँड’ हा प्रकार २०१५ पासून ओल्ड स्कूलमध्ये आहे. बाजारातून घेतलेला बाँड पुन्हा विक्रीयोग्य करायचा असेल, तर त्याच्या किमतीच्या १० टक्के नाणी भरावी लागतात आणि ती नष्ट होतात. डिसेंबर २०२१ मध्ये ग्रँड एक्सचेंजवर विक्रेत्याला १ टक्का कर लागू झाला, जो २०२५ मध्ये २ टक्के करण्यात आला. या कराचा एक भाग मला विशेष उल्लेखनीय वाटतो. जमलेल्या नाण्यांपैकी काही नाण्यांनी कंपनी बाजारातून ठरावीक वस्तू विकत घेते आणि त्या नष्ट करते. या खेळात चांगली शस्त्रे झिजून संपत नाहीत, म्हणून नाण्यांना जशी मोरी लागते तशीच वस्तूंनाही लागते, अन्यथा प्रत्येक तलवारीचा भाव वर्षागणिक घसरत जातो आणि ती मिळवण्यात अर्थ उरत नाही. म्हणजे एकाच खेळात नाण्याची चलनवाढ आणि वस्तूंची मंदी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदू शकतात.

आणखी एक बाब. गेल्या दशकात व्हेनेझुएलाचे बोलिव्हार हे चलन कोसळत असताना तिथले अनेक लोक ओल्ड स्कूलमध्ये हिरवे ड्रॅगन मारून नाणी मिळवीत आणि ती विकून घर चालवीत. कंपनीच्या नियमांत हे बसत नाही, हे खरे आहे. परंतु देशाच्या चलनापेक्षा खेळातील नाणे त्या लोकांना अधिक भरवशाचे वाटले, ही वस्तुस्थिती चलनाच्या मूल्यसंचय या कार्याबद्दल पुष्कळ काही सांगते. ज्या खेळाडूंनी त्या काळात या शिकाऱ्यांना हेरून मारण्याचे सल्ले दिले, त्यांच्याबद्दल मला तीव्र नापसंती वाटते.

पुन्हा प्रश्न : अर्थशिक्षिका, सातारा

दोघांचेही मनापासून आभार. वस्तू नष्ट होणे आणि चलन नष्ट होणे यांतील फरक उद्याच्याच तासाला घेईन. एक शंका मात्र उरते. नळ आणि मोरी यांचा समतोल राखणे इतके अवघड असेल, तर एकूण चलन सुरुवातीलाच ठरवून टाकावे, किंवा नाणे काढूनच टाकावे, असे कोणी करून पाहिले नाही काय? आणि माझे बहुतेक विद्यार्थी मोबाइलवरचे खेळ खेळतात. तिथे हे सर्व लागू होते काय?

उत्तर : खेळरचनाकार, बंगळूर

मोबाइल खेळांच्या अर्थव्यवस्थेची आखणी करणे हे माझे काम आहे, त्यामुळे दोन्ही प्रश्नांवर लिहितो.

साठा बांधून टाकण्याचा प्रयोग १९९७ मध्येच झाला. ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाच्या मूळ रचनेत जगातील साधनसामग्रीचे एकूण प्रमाण ठरलेले होते. वापरलेली वस्तू नष्ट झाली की तेवढाच कच्चा माल जगात परत यावा, अशी ती योजना होती. रचनाकारांनी गृहीत धरले नव्हते ते असे, की खेळाडू वस्तू वापरणारच नाहीत, साठवून ठेवतील. घरांतून आणि पेट्यांतून हजारो निरुपयोगी सदरे आणि ढाली पडून राहिल्या, त्यामुळे कच्चा माल परत आलाच नाही आणि नव्या खेळाडूला मारायला प्राणी किंवा खणायला धातू मिळेना. योजना सोडून द्यावी लागली. मॅडम, हे चलनवेगाचे उदाहरण आहे. साठा स्थिर ठेवला तरी तो फिरतो की नाही हे खेळ चालवणाऱ्याच्या हाती नसते, आणि ज्याने आधी येऊन साठवले त्याच्यापुढे उशिरा येणारा कायमचा गरीब राहतो. म्हणूनच आज थोडीशी चलनवाढ आम्ही दोष मानत नाही. नव्या खेळाडूने पहिल्या आठवड्यात मिळवलेल्या वस्तू जुन्या खेळाडूंना चढ्या भावाने विकता येणे, हे त्याला खेळात टिकवून ठेवते.

नाणे काढून टाकण्याचा प्रकार खेळाडूंनी स्वतःच केला होता. २००० साली आलेल्या ‘डायब्लो २’ मध्ये सोने होते, पण ते जवळ बाळगण्यावर मर्यादा होती आणि त्याने काही मोलाचे विकत घेता येत नसे, त्यामुळे आपसांतील व्यवहारात त्याला कोणी विचारीना. त्याऐवजी ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची अंगठी चलन म्हणून वापरात आली. ती लहान होती, सर्वांना हवी होती आणि सहज ओळखू येत होती. तिच्या बनावट प्रतींचा मात्र सुळसुळाट झाला. त्यावर कंपनीने २००३ च्या सुधारणेत काढलेली युक्ती मला फार आवडते. या अंगठ्या खेळातील दुकानदाराला पुरेशा संख्येने विकल्या गेल्या, तर त्या सर्व्हरवर एक दुर्मीळ आणि अत्यंत बलाढ्य शत्रू प्रकट होत असे, आणि त्याला मारून अन्यत्र न मिळणारे बक्षीस मिळे. लोकांनी आपखुशीने अंगठ्या मोरीत ओतल्या. कर लादण्यापेक्षा ही वाट कितीतरी चांगली आहे.

न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्स या कंपनीने २०१३ मध्ये आणलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ मध्ये हाच विचार मुळापासून राबवला गेला. तिथे खेळाडूंच्या आपसांतील व्यवहारात नाण्यांऐवजी वेगवेगळे गोळे चालतात, आणि प्रत्येक गोळ्याचा शस्त्र सुधारण्यासाठी काही ना काही उपयोग असतो. गोळा वापरला की संपतो. म्हणजे चलन हीच उपभोग्य वस्तू आहे आणि त्याची मोरी त्याच्यातच आहे. त्याशिवाय काही महिन्यांनी नवा हंगाम सुरू होतो आणि सर्वांना रिकाम्या हाताने आरंभ करावा लागतो.

याच्या उलट टोकाला ‘डायब्लो ३’ आहे. ब्लिझार्ड या कंपनीने जून २०१२ मध्ये त्यात खऱ्या पैशांचे लिलावगृह उघडले. हेतू चांगला होता. चोरट्या संकेतस्थळांवर होणारी फसवणूक थांबावी, व्यवहार कंपनीच्या देखरेखीखाली यावा. पण जे शस्त्र मिळवण्यासाठी लोक महिनोन्‌महिने राक्षस मारत होते, ते काही डॉलर टाकून दोन मिनिटांत मिळू लागले. वस्तू झिजत नव्हत्या, हंगाम नव्हते, त्यामुळे भाव घसरत गेले, आणि मे २०१३ मध्ये एका चुकीमुळे सोन्याचे अमर्याद गुणन शक्य झाल्याने सोन्याची उरलीसुरली पतही गेली. १८ मार्च २०१४ रोजी लिलावगृह कायमचे बंद झाले. पेठ कार्यक्षम असणे ही नेहमीच इष्ट गोष्ट नसते, हे आमच्या व्यवसायाला या खेळाने शिकवले. अडचण पार करण्यातच जिथे समाधान आहे, तिथे ती अडचण विकत घेऊन टाळता येऊ लागली की खेळच उरत नाही.

गिलिनॉरकरांशी मी एका मुद्द्यावर सहमत नाही. २००८ चे निर्बंध कठोर होते, हे मान्य. पण चोरीच्या कार्डांवरील परतावे एका मर्यादेपलीकडे गेले, तर बँका कंपनीचे पैसे स्वीकारणेच थांबवतात, आणि तेव्हा खेळ बंदच पडतो. त्या वेळी बाँडसारखा मार्ग त्यांच्याकडे नव्हता. घर जळत असताना पाण्याने सामान भिजेल याची चिंता करता येत नाही.

आता मोबाइल. भारतात लोकप्रिय असलेल्या बहुतेक मोबाइल खेळांत खेळाडूंची आपसांत खुली पेठ नसते. ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या खेळातील ‘यूसी’ हे चलन रुपये देऊन घेता येते, पण एका खेळाडूने ते दुसऱ्याला विकायचे आणि भाव आपसांत ठरवायचा अशी व्यवस्था तिथे नाही. भाव कंपनी ठरवते. म्हणून तिथे मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त शोधू नये. ते एकाधिकाराचे उदाहरण आहे. अशा खेळांत साधारणपणे दोन चलने असतात, एक खेळून सहज मिळणारे आणि दुसरे मुख्यतः पैसे देऊन मिळणारे, आणि या दोहोंमधील अदलाबदल एकाच दिशेने चालते. महागाई तिथेही असते, पण ती किमतीच्या फलकावर दिसत नाही. पुढच्या टप्प्यावर जाण्यासाठी लागणारी नाणी हळूहळू वाढत जातात, नव्या पातळीवरील इमारतीला दिवसांऐवजी आठवडे लागतात, आणि जुन्या शस्त्राच्या तुलनेत नवे शस्त्र थोडे वरचढ ठेवले जाते. हे सर्व आकडे आमच्यासारखे लोक आखतात. तुमच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक असणे मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यांच्या वयाची मुलेच या आखणीच्या सर्वांत जास्त प्रभावाखाली असतात.

आणखी एक भेद वर्गात स्पष्ट करावा. पैशांची पैज लावून पैसेच जिंकण्याच्या आशेने खेळले जाणारे ऑनलाइन खेळ वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने त्यांवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ त्यांपासून वेगळे ठेवले. मुले या दोहोंना सर्रास ‘गेमिंग’ म्हणतात.

उत्तर : गिलिनॉरकर, नाशिक

तुमचा बँकांचा मुद्दा मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. परतावे ही वर्गणी स्वीकारण्याच्या टप्प्यावरची समस्या होती. नव्या खात्यांना काही आठवडे व्यवहार करू न देता जुन्या, ओळखीच्या खात्यांना मोकळे सोडता आले असते. सर्वांवर सारखाच नियम लावणे कंपनीला सोपे होते, म्हणून तो लावला गेला, असे माझे मत आहे, आणि २०११ चा कौल त्या मताला पुष्टी देतो.

उत्तर : जिताचा व्यापारी, पुणे

मॅडम, निर्देशांकांच्या प्रकरणासाठी एक प्रत्यक्ष सूचना करतो. सीसीपी कंपनी दर महिन्याला ईव्हचा आर्थिक अहवाल सर्वांसाठी खुला करते. त्यात चलनाचा एकूण साठा, प्रत्येक नळातून आलेले आणि प्रत्येक मोरीतून गेलेले चलन, प्रदेशवार उत्पादन, आणि खनिजांपासून ग्राहकोपयोगी वस्तूंपर्यंतचे किंमत निर्देशांक असतात. मूळ आकडे तक्त्यांच्या रूपात उतरवूनही घेता येतात. खेळ न खेळताही हे सर्व वाचता येते. २०२० मध्ये कंपनीने खनिजांचे वाटप बदलून टंचाई निर्माण केली आणि वर्षाच्या अखेरीस, जिथे फार शिकार होते तिथली बक्षिसे आपोआप कमी होतील अशी व्यवस्था आणली. त्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले, तर पुरवठ्यामुळे होणारी भाववाढ आणि चलनामुळे होणारी भाववाढ वेगवेगळ्या ओळखण्याचा सराव विद्यार्थ्यांना करता येईल.

उदाहरणासाठी खनिजांची टोपली निवडावी. ट्रायटेनियम, पायराइट, मेक्सॅलॉन, आयसोजेन, नॉक्झियम, झायड्राइन आणि मेगासाइट ही सात प्रमुख खनिजे आहेत. ट्रायटेनियम एका एककाला अगदी नगण्य भावाने मिळते, पण एका जहाजाला ते लाखो एकके लागू शकते. मेगासाइट महाग असते आणि थोडेच लागते. त्यामुळे साध्या निर्देशांकात ट्रायटेनियमच्या भावातील बदलाला जवळजवळ काहीच वजन मिळत नाही, आणि भारित निर्देशांकात चित्र पालटते. शिवाय प्रत्येक जहाजाच्या आराखड्यात कोणते खनिज किती लागेल हे ठरलेले असते आणि ते सहसा बदलत नाही. म्हणून एखाद्या ठरावीक जहाजाच्या बांधणीचा खर्च आधारमहिन्यात आणि चालू महिन्यात काढून त्यांचे गुणोत्तर शंभराने गुणले, की हाती येतो तो लास्पेयर निर्देशांकच असतो. पाशे निर्देशांकासाठी चालू महिन्यातील प्रत्यक्ष विक्रीची परिमाणे घ्यावीत. दोहोंची उत्तरे वेगळी येतील, आणि ती का वेगळी आली हे विद्यार्थ्यांना विचारावे. ज्या खनिजाची टंचाई झाली त्याचा वापर टाळून लोक दुसऱ्या जहाजांकडे वळले काय, हे त्यांना त्याच तक्त्यांतून शोधता येईल.